पेटीवरून हात काढा: समूहगान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी वर्षभराचा अभ्यास

शाळेत समूहगीतं बसवणाऱ्या बहुतेक शिक्षकांचं स्वतःचं शिक्षण एकट्याने गाण्याचं झालेलं असतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद असो की विद्यापीठाची एम. ए., परीक्षकासमोर बसायचं, राग मांडायचा, ताना घ्यायच्या, ताल हातावर दुगुणीत म्हणून दाखवायचा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्गात आणलं. परीक्षा मात्र पुढेही एकेकट्याचीच राहिली. नोकरी लागली की समोर येतात ४०-५० मुलं, ३५ मिनिटांची तासिका, एखादा सूर अडकलेली पेटी आणि पंधरा ऑगस्टची यादी.

मग आपण काय करतो? पेटी उघडतो, मोठ्याने गातो, मुलं मागून म्हणतात. गाणं बसतं. पण समूह तयार होत नाही, कारण आपले दोन्ही हात पेटीत, डोळे पट्ट्यांवर आणि कान स्वतःच्या आवाजात अडकलेले असतात. समूहगानाच्या शिक्षकाची वाढ म्हणजे हे तिन्ही मोकळे करणं, असं माझं मत आहे. त्यासाठी आणखी एक पदवी लागत नाही. शाळेच्या वर्षाला धरून काम कसं लावायचं, ते पुढे लिहिलं आहे.

जून: आधी स्वतःची तालीम ऐका

एक पूर्ण तासिका फोनवर ध्वनिमुद्रित करा. फोन पेटीवर ठेवू नका. शेवटच्या बाकावर, मुलांच्या तोंडाच्या उंचीवर ठेवा. पेटीवर ठेवलात तर तुम्हाला तुम्हीच ऐकू याल आणि सगळं छान चाललंय असं वाटेल.

घरी तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त वेळ मोजा: तुम्ही किती मिनिटं बोललात, मुलं किती मिनिटं गायली, किती वेळ नुसता गोंधळात गेला. दुसऱ्यांदा, तुम्ही गाणं जिथे जिथे थांबवलंत तिथे पुढचं वाक्य काय होतं ते शब्दशः लिहून काढा. बहुतेकांच्या कागदावर तीनच वाक्यं निघतील: "पुन्हा एकदा", "जरा जोरात", "नीट म्हणा". यातल्या एकाही वाक्यातून मुलाला काय बदलायचं ते कळत नाही. तो तीच चूक अधिक मोठ्याने करतो.

त्याऐवजी असं म्हणून बघा: "अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत वरच्या सा वरून खाली येताना धैवत (ध) उतरतोय. तेवढाच तुकडा आकारात, हळू." एका थांब्याला एकच सूचना. ती दिली, मुलांनी केली, सुधारलं की नाही ते त्यांना सांगितलं, मगच पुढे. तीन चुका एकदम दिसल्या तरी दोन गिळायच्या. हे फार अवघड जातं, कारण दोष काढता आले म्हणजे शिकवता आलं अशी आपली तालीम झालेली असते.

तिसऱ्यांदा ऐकताना बघा, मुलांच्या आवाजात तुमचा आवाज सतत मिसळलेला आहे का. असेल तर मुलं गाणं म्हणत नाहीत, तुमच्यामागून किंचित उशिरा ते उच्चारताहेत. ओळ म्हणून दाखवा आणि गप्प बसा. मुलं गाताना ऐकणं एवढंच तुमचं काम.

हेच ध्वनिमुद्रण दर दोन महिन्यांनी करा आणि कागद जपून ठेवा. ही तुमची खरी प्रगतिपुस्तिका.

जुलै-ऑगस्ट: पट्टीचा अभ्यास

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबू.

पट्टी म्हणजे गाण्याचा षड्ज (सा) पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते. पेटीच्या प्रत्येक सप्तकातले पांढरे आणि काळे सूर डावीकडून मोजून पांढरी एक, काळी चार अशी नावं देतात. आपल्याकडे पट्टी ठरते ती शिक्षकाच्या गळ्यावरून. बाई असतील तर काळी चार किंवा काळी पाच, सर असतील तर काळी एक. मुलांनी जमवून घ्यायचं. बाईंची काळी चार म्हणजे मुलांच्या दृष्टीने बराच खालचा षड्ज. त्यात मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत जाणारी ओळ आली की लहान मुलांचा आवाज तिथे पोचतच नाही, ती पुटपुटतात. मग "जोरात!" अशी आरोळी येते आणि मुलं छातीतून ओरडून गायला लागतात. ती सवय एकदा लागली की वरचे सूर बेसूर होतात आणि आवाज खरखरीत होतो.

पाचवी ते सातवीच्या मुलामुलींना सहज गाता येणारी मजल साधारण अशी धरा: ४४० कंपनांची पांढरी सहा ज्या सप्तकात येते, त्याच सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत. म्हणजे एक सप्तक आणि वर एक सूर. काही मुलं याच्या वर-खाली आरामात जातील, पण समूहाची पट्टी त्यांच्यावरून ठरवायची नाही.

आता पट्टी काढायची रीत. गाणं हातात आलं की आधी त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधून लिहा. गाणं मध्य सा ते तार (वरच्या सप्तकातला) सा एवढ्यात फिरत असेल तर त्या सप्तकातली पांढरी एक, काळी एक किंवा पांढरी दोन घ्या. गाणं मंद्र ध ते मध्य प एवढ्यातच असेल, आणि आपली कितीतरी प्रार्थनागीतं अशीच असतात, तर षड्ज थेट पांढरी चारवर न्या. मंद्र ध पांढरी दोनवर येईल आणि पंचम वरच्या पांढरी एकवर. पहिल्यांदा तुम्हाला स्वतःला ते फार उंच वाटेल. मुलांना विचारा, त्यांना वाटत नाही. आणि गाणं मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत पसरलेलं असेल तर ते या वयाच्या समूहासाठी नाही. कितीही लाडकं असलं तरी बाजूला ठेवा, किंवा वरचा अंतरा दोन-तीन मुलांना एकेकट्याने द्या.

शिक्षकाला त्या पट्टीत गाता येत नाही ही अडचण खरी आहे. पुरुष शिक्षकांनी एक सप्तक खाली गायलं तर लहान मुलं गोंधळतात. तेव्हा सुरुवातीचे दोन आठवडे एखाद्या पक्क्या सुराच्या मुलीला ओळ म्हणायला लावा आणि तुम्ही फक्त दुरुस्त्या सांगा.

आता सातवी ते नववीचे मुलगे. या वयात स्वरयंत्र वाढतं, आवाज फुटतो आणि स्थिरावेपर्यंत साधारण एक सप्तक खाली येतो. मधल्या काळात काही सूर लागतात, काही सरळ गायब होतात. अशा मुलाला "तू नुसतं तोंड हलव" असं सांगायची आपल्या शाळांत रीतच आहे. स्पर्धेच्या दिवशी सोयीचं असेल, पण त्यातल्या अनेकांचं गाणं तिथेच कायमचं सुटतं. मी तर म्हणेन की समूहगानाच्या शिक्षकाची कसोटी याच मुलांवर लागते.

त्यांच्यासाठी काम तयार ठेवा. प्रत्येकाला बाजूला घेऊन, त्याचे कुठले चार-पाच सूर न तुटता लागतात ते पेटीवर शोधा. दोन मिनिटांचं काम आहे. अशी सात-आठ मुलं एकत्र आली की त्यांच्या त्या चार सुरांत बसणारी वेगळी ओळ करा: धरून ठेवलेला षड्ज, कधी पंचम, ध्रुवपदाच्या शेवटी दोन शब्द. मुख्य गट चाल गातो, ही मुलं खालून आधार देतात. तपासणी दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा करावी लागते, कारण सूर सरकत राहतात. आवाज घोगरा असेल त्या दिवशी ताण द्यायचा नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर: हात आणि श्वास

पेटीवरून हात काढायचे तर मग साथ कोण करणार? नववी-दहावीतल्या पेटी शिकणाऱ्या मुलाला बसवा. तो नसेल तर फोनवरचा तानपुरा आणि ठेका पुरे. सुरुवातीला दोनच गाणी अशी बसवा.

हाताचं मूळ काम ठेका दाखवणं नाही. तो तबलजी दाखवतोच. हाताचं काम सर्वांना एकाच क्षणी श्वास घ्यायला लावणं. गाणं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत असेल तर समेच्या आधीच्या एका मात्रेत, त्याच लयीत हात वर उचला आणि स्वतः तोंडाने श्वास घ्या. मुलं तुमच्याबरोबर श्वास घेतील आणि पहिला शब्द एकसंध येईल. मुखडा पाचव्या मात्रेवरून उठत असेल तर हा श्वासाचा हात चौथ्या मात्रेवर. "एक, दोन, तीन, चार" असं ओरडून सुरू करायची गरज उरत नाही.

केरव्यासाठी चार मात्रांची आकृती पुरते: हात जमिनीकडे, मग आत, मग बाहेर, मग वर. आठ मात्रांत ती दोनदा होते. सहा मात्रांच्या दादऱ्यासाठी तीनची: जमिनीकडे, बाहेर, वर. लय चढी असेल तर दादऱ्यात मात्रा मोजत बसू नका. समेला एक आणि चौथ्या मात्रेला एक असे दोनच झोके द्या. आरशासमोर रोज दहा मिनिटं, मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत, ठेका लावून सराव करा. मात्रा दर वेळी हवेत त्याच ठिकाणी पडली पाहिजे. उजवा हात बसला की डाव्याला वेगळं काम द्या: आवाज वाढवा, कमी करा, हा सूर धरून ठेवा. दोन्ही हात आरशातल्यासारखे सारखेच हलवत राहिलात तर डावा फुकट जातो.

ओळीचा शेवटही हाताने करायचा. "गगन" म्हणताना चाळीस मुलांचे चाळीस "न" वेगवेगळ्या वेळी पडतात ते ऐकून बघा. बोटं मिटली की न, असं एकदा ठरवून टाका. उच्चारांचंही तसंच. दुनिया या अर्थाचं "जग" आणि जगायला सांगणारं "जग" यांतला ज वेगळा आहे. "चंद्र" आणि "चांदणं" यांतला च वेगळा आहे. हिंदी गाणी जास्त ऐकणारी मुलं दोन्ही एकाच ठिकाणी म्हणतात. गाण्याच्या कागदावर अशी अक्षरं आधीच गोल करून ठेवा.

कानाचा व्यायाम, वर्षभर

रोज पाच मिनिटं तानपुऱ्यावर एकच स्वर लावा, मुलांबरोबर आणि एकट्यानेही. पेटीवर नव्हे. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो; १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. एकट्याच्या गाण्यात तो फरक चालून जातो, पण अर्धा वर्ग षड्ज आणि अर्धा वर्ग गंधार धरून उभा राहिला की लगेच जाणवतो. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीवर बंदी घातली होती, त्यामागच्या वादातला एक मुद्दा हाच होता. बंदी टोकाची होती, मुद्दा खोटा नव्हता.

गाणं संपल्यावर तानपुरा चालू करून बघा, मुलं मूळ षड्जावर आहेत की उतरली आहेत. पेटी सतत वाजत असेल तर हे कधी कळतच नाही. उतरली असतील तर कारण शोधा: श्वास अपुरा, पट्टी फार खाली, किंवा अवरोहातला प्रत्येक सूर थोडा थोडा जास्त खाली.

दोन आवाजांची सुरुवात चार आवाजांच्या अवघड रचनेपासून करू नका. बिलावलचा (सगळे शुद्ध स्वर) आरोह घ्या. पहिला गट सा रे ग म असा निघेल. तो ग वर पोचला की दुसरा गट सा पासून निघेल. सा विरुद्ध ग, रे विरुद्ध म, ग विरुद्ध प, असं चालत राहील आणि ऐकायला गोड लागेल. पहिला गट तार सा वर पोचून थांबेल, तेव्हा दुसरा ध वर असेल. पुढच्या मात्रेला दुसरा गट नी वर येतो आणि क्षणभर खुपतं. त्याच्या पुढच्या मात्रेला दोन्ही गट तार सा वर एक होतात. त्या खुपण्याच्या मात्रेवर मुद्दाम थांबा, मुलांना ते नीट ऐकू द्या. दुसऱ्याचा सूर ऐकत स्वतःचा धरणं ही समूहगानातली अर्धी विद्या इथेच येते. मग यमनात करून बघा, तीव्र मध्यमामुळे काय बदलतं ते तुमच्याच कानांना कळेल.

हे जमलं की हाताच्या खुणांकडे वळा. इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात स्वरांसाठी ज्या खुणा रूढ केल्या, त्याच पुढे हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या शिक्षणपद्धतीत आल्या. आपल्या सरगमला त्या सहज लागू होतात, कारण तिथलाही "डो" हा पहिला स्वर आपल्या सा सारखाच पट्टीबरोबर सरकतो. यांचा मोठा फायदा म्हणजे डाव्या हाताने एका गटाला आणि उजव्याने दुसऱ्याला स्वर दाखवता येतो.

स्टाफ नोटेशनही, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकून घ्या. भातखंडे किंवा पलुस्कर लिपी येत असेल तर कामापुरतं वाचायला काही महिने पुरतात. बहुस्वरी (एकाच वेळी अनेक आवाजांच्या) रचनांचं जवळजवळ सगळं छापील साहित्य त्याच लिपीत आहे.

नोव्हेंबर-डिसेंबर: दुसऱ्यांच्या तालमीला जाऊन बसा

कार्यक्रमाला नाही, तालमीला. कार्यक्रमात फक्त निकाल दिसतो.

मुंबई, पुणे, वसई किंवा गोव्यात राहत असाल तर नाताळच्या आधीचे आठवडे यासाठी सर्वांत चांगले. चर्चच्या कॉयरच्या तालमी तेव्हा जोरात असतात आणि आधी विचारलं तर मागच्या बाकावर बसायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या पॅरिश शाळांमधून मेस्त्रींनी (चर्चच्या संगीतशिक्षकांनी) मुलांना सोल्फा (डो-रे-मी) आणि व्हायोलिन शिकवलं, त्याच परंपरेतून तिथल्या गायकवृंदांची वाचनाची तयारी आली. तिथे बसून एवढंच टिपा: मेस्त्री एका तुकड्यावर किती वेळ घालवतात, कधी गाऊन दाखवतात, एका आवाजाचं काम चालू असताना बाकीच्यांना काय देतात.

भारतीय सुरांत समूह कसा बांधायचा, याचा विचारही आपल्याकडे आधी झालेला आहे. व्हिक्टर परांज्योती यांनी मुंबईत वृंदगायनाची संस्था उभी केली, भारतीय सुरावटींवरच्या रचना केल्या, आणि त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी तोच वृंद अनेक दशकं चालवला. सलील चौधरींनी १९५० च्या दशकात बॉम्बे यूथ कॉयर बांधला. एम. बी. श्रीनिवासन यांनी मद्रास यूथ कॉयरमधून वेगवेगळ्या भारतीय भाषांत बहुस्वरी गाणी उभी केली. वसंत देसाईंनी महाराष्ट्रात शाळकरी मुलांच्या प्रचंड समूहगानाचे प्रयोग केले. यांची जी ध्वनिमुद्रणं मिळतील ती आवाज वेगळे काढत ऐका: खालचा आवाज काय करतो, रागाबाहेरचा सूर कुठे येतो, आणि कुठे मुद्दाम सगळे एकाच सुरावर येतात.

स्पर्धांना मुलं घेऊन जाताच आहात, तर एखाद्या वर्षी नुसते श्रोते म्हणून जा. भारत विकास परिषदेच्या समूहगान स्पर्धेत ओळीने अनेक शाळा ऐकायला मिळतात. वहीत रकाने आखा: एक पट्टीसाठी, एक सुरुवातीच्या श्वासासाठी, एक उच्चारांसाठी. दहा शाळा ऐकल्यावर स्वतःच्या शाळेबद्दल जे कळतं ते परीक्षकांच्या गुणपत्रकातून कळत नाही.

तुमचा स्वतःचा गळा

दिवसाला पाच-सहा तासिका, वर परिपाठ. गळा हेच साधन आणि त्याचीच सर्वांत कमी काळजी. वर्ग शांत करायला आवाज वापरू नका. टाळीचा एक ठरावीक बोल ठेवा, मुलांनी तो परत वाजवायचा. सकाळी पेलाभर पाण्यात नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवून, बुडबुडे काढत, हलक्या आवाजात वर-खाली मींड घ्या (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जा), दोन-तीन मिनिटं. यामुळे स्वरतंतूंवर ताण कमी येऊन आवाज मोकळा होतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर ज्येष्ठमध चघळत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

कागदपत्रं, रजा आणि जोडीदार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. संगीत शिक्षकाच्या वाट्याला यातले बहुतेक तास सर्वसाधारण प्रशिक्षणांत जातात. बारा आणि चोवीस वर्षांनंतरच्या वरिष्ठ व निवड श्रेणीच्या प्रशिक्षणातही गाण्याचा संबंध क्वचितच येतो. म्हणून मागणी आपणच करायची. केंद्र सरकारचं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, १९७९ पासून सेवेतल्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घेतं. तिथे राज्याच्या शिक्षण विभागामार्फत नाव जातं. तेव्हा जूनमध्येच मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि कर्तव्यरजेचं आधीच बोलून ठेवा. डिसेंबरात गॅदरिंगच्या तोंडावर विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे.

याहून जास्त उपयोग जवळच्या शाळेतल्या एका संगीत शिक्षकाचा होतो. महिन्यातून एकदा तुम्ही त्यांच्या तासाला बसा, एकदा ते तुमच्या. बोलायचं ते वहीत टिपलेल्या गोष्टींवरच: "तुम्ही अकरा वेळा थांबवलंत, सात वेळा कारण सांगितलं." छान-छान नको आणि सल्लेही नकोत. पुढच्या महिन्यात काय बदलायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

मे: पुढच्या वर्षाची वही

सुट्टीत गाणी निवडा. वर्षाला आठ-दहा पुरतात: दोन नुसत्या तानपुऱ्यावरची, दोन ज्यात फुटलेल्या आवाजांसाठी वेगळी ओळ आहे, एक साखळीने (एक गट पुढे, दुसरा मागून) म्हणायची, एक तुमच्या भागातलं लोकगीत, बाकी समारंभांच्या गरजेची. प्रत्येक गाण्यापुढे खालचा स्वर, वरचा स्वर, सुरुवातीच्या श्वासाची मात्रा, अवघड उच्चार आणि पट्टी असे रकाने आखा. पट्टीचा रकाना पेन्सिलीने भरा. जूनमध्ये नव्या पाचवीचे आवाज तपासले की तो बदलणारच आहे.